सासू या शब्दाचे सोयरे

येरेवान, १० फेब्रुवारी १९७४

प्रिय आई,

पार्सल मिळालं. घेवडा छानच आहे. तुतीच्या दारूची बाटली लोकरी मोज्यात घालून पाठवायची तुमची युक्ती यंदाही फळली. बाटली शाबूत, मोजेही घालण्याजोगे.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. साहाकची गाडी घाटात घसरून तो गेला त्याला आता चार हिवाळे झाले, तरी बर्फ पडायला लागला की नाझेली विचारतेच, ‘आई, आज गोरिसचा घाट उघडा आहे का?’ मी म्हणते, ‘आजी घाटाच्या पलीकडे आहे, आणि आजीला घाट घाबरतो.’ मग ती झोपते.

आता कामाचं. प्रकाशनाने माझ्याकडे शाळकरी मुलांसाठी एक छोटं पुस्तक सोपवलंय. आपले शब्द जगात कुठेकुठे सोयरिक जोडून आहेत, हे त्यात सांगायचं. मी नात्यागोत्याचे शब्द निवडले. आपला ‘स्केसुर’ घ्या. सासूचा शब्द. लॅटिनमध्ये तो ‘सोक्रुस’, रशियनमध्ये ‘स्विक्रोव’, आणि हिंदुस्थानच्या जुन्या संस्कृतात ‘श्वश्रू’. सगळ्या एकाच माउलीच्या लेकी.

परवा तर गंमतच झाली. हिंदुस्थानातून शेतीतज्ज्ञांची तुकडी आली होती, तिच्याबरोबर एक दुभाषी बाई होती. मी तिला रशियनमधून विचारलं, ‘तुमच्या घरी काय म्हणतात?’ ती बोटांवर मोजत म्हणाली, ‘सासू, सून, दीर, जाऊ.’ आई, हे आपलेच चौघे! स्केसुर, नू, तेगर, नेर. ऐकायला ‘जाऊ’ आणि ‘नेर’ एकमेकींच्या जवळपासही जात नाहीत, पण आहेत सख्ख्या. आपला ‘येर्कू’ आणि तिचा ‘दोन’सुद्धा सख्खे भाऊ निघतात. दिसण्यावर जाऊ नये, हा या विद्येचा पहिला धडा. चेहरा पुसला जातो, पण कोणता आवाज कशाचा झाला त्याचा नेम सुटत नाही.

तुमच्याकडे म्हातारी माणसं हे शब्द कसे वापरतात ते लिहून पाठवा. आणखी एक विचारायचं होतं. मुलगा गेल्यावर सुनेला काय म्हणतात? तेव्हाही सूनच, की दुसरं काही?

नाझेलीची घसरगाडी मोडली होती, ती शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी नीट करून दिली.

तुमची
अर्पेनिक


गोरिस, २ मार्च १९७४

अर्पेनिक जान, तुझी इडापीडा मला लागो,

पत्र मोठ्याने वाचलं. मार्गुश लवाशच्या पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, ‘सासूबाई, म्हणजे मी आणि अर्पेनिक हिंदुस्थानातही जावाच?’ मी म्हटलं, ‘हो, आणि तिथेही थोरली आळशीच असेल.’ तर बाई फुगून बसली. त्या दुभाषी बाईला विचार, तिच्या जावेने लवाशच्या भट्टीवर कधी नवऱ्याचे मोजे वाळवलेत का? नसतील वाळवले, तर या दोघी सख्ख्या आहेत यावर माझा विश्वास नाही.

आणि तिच्या सासूने तिला इतक्या लांब एकटीला पाठवली? चांगली बाई दिसते.

तुझे शब्द घे. ‘नू’ आता कोणी बोलत नाही, सगळे सुनेला ‘हार्स’च म्हणतात. पण माझी सासू चिडली की मला ‘नू’ म्हणायची. चांगली असली की ‘हार्स’, दूध उतू गेलं की ‘नू’. दिराला आम्ही नावाने हाक मारत नव्हतो. लग्नानंतर वर्षभर सासऱ्यांसमोर तोंडच उघडायचं नाही, खुणेने बोलायचं. मी सुईण. बायका ओरडत दारात यायच्या आणि मी सासऱ्यांना हातवारे करून सांगायची की मला जायचंय. एकदा त्यांना वाटलं, मी कोंबडी मागतेय. लिही हे तुझ्या पुस्तकात.

तुझा शेवटचा प्रश्न मात्र मला आवडला नाही. मुलगा गेला म्हणून सुनेला दुसरं काय म्हणायचं? कोणी काही बोललं का तुला? त्या दोन खोल्यांत एकटी बसून असले प्रश्न सुचतात. मी सगळं समजले. तू काही लिहू नकोस. घाट उघडला की मी बघते काय करायचं ते.

सिरवार्द


येरेवान, २६ मार्च १९७४

प्रिय आई,

तुम्ही बघितलंत. आरामाइस भाऊजी रविवारी सकाळी दारात उभे. एका खांद्यावर घेवड्याचं पोतं, हातांत दोन रिकाम्या ट्रंका. म्हणाले, ‘आईने सांगितलंय, अर्पेनिक तिथे झुरतेय. सामान भर, घरी चल. तुझी खोली मार्गुशने सारवून-पुसून ठेवलीय.’

मी काही बोलणार एवढ्यात स्वयंपाकघरातून एरवांद बाहेर आला. बाह्या सरसावलेल्या, हातात तवा. हेच ते घसरगाडीवाले मास्तर. मूळचे लेनिनाकानचे, म्हणजे त्या तोंडाला कुलूप नाही हे तुम्हाला सांगायला नको.

भाऊजींनी विचारलं, ‘तू कोण?’

‘अजून कोणी नाही,’ एरवांद म्हणाला. ‘अर्ज दिलाय. बसा ना, अंडी परततोय.’

भाऊजी हसले नाहीत. पोतं खाली ठेवलं, ट्रंका उचलल्या आणि जिना उतरू लागले. नाझेली ‘काका, काका’ करत मागे धावली. त्यांनी तिच्या डोक्यावर ओठ टेकले आणि निघून गेले. एवढा घाट ओलांडून आलेला माणूस माझ्या दारातून पाणीही न पिता गेला, याचं मला फार लागलंय.

मी प्रश्न विचारला एक, तुम्ही ऐकलात दुसराच. मी झुरत नाहीये, आई. मी येत्या शरदात एरवांदशी लग्न करणार आहे. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून शब्दांच्या आडून चाचपत होते. आता आडून नको. तो भला माणूस आहे. त्याची बायको आठ वर्षांमागे आजारात गेली, मूलबाळ नाही. नाझेली त्याला नावाने हाक मारते आणि त्याच्याशी भांडते. साहाकचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहील, हे एरवांदनेच मला आधी सांगितलं.

मी माफी मागत नाही. मागण्यासारखं काही केलेलं नाही. पण तुमचं उत्तर येईपर्यंत मला घास गोड लागणार नाही, हेही खरं.

अर्पेनिक


गोरिस, ८ एप्रिल १९७४

अर्पेनिक,

पत्र मिळालं. आरामाइसने सांगितलं ते आणि तू लिहिलंस ते जुळतं.

नाझेली साहाकचं रक्त आहे. शाळा सुटली की तिला इकडे पाठव. पुढचं तिचं इथेच बघू.

शब्दांबद्दल मला आता विचारू नकोस.

सिरवार्द अवाग्यान


येरेवान, २० एप्रिल १९७४

प्रिय आई,

शाळा सुटली की नाझेलीला मी स्वतः घेऊन येईन, दर वर्षी आणते तशी. महिनाभर ती तुमच्याकडे राहील, तुतीच्या झाडावर चढेल, कपडे डागाळेल. मग मी तिला परत नेईन. ती अवाग्यान आहे, अवाग्यानच राहील. पण तिचं पुढचं मी बघेन, कारण मी तिची आई आहे. यावर आपण वाद घालायचा नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर हेच लिहिलं असतंत, आणि याहून कडक शब्दांत.

तुम्ही नको म्हटलंत तरी एक शब्द लिहिते. ‘विधवा’ हा शब्द संस्कृतात आहे. लॅटिनमध्ये ‘विदुआ’, रशियनमध्ये ‘व्दोवा’, जर्मनांकडेही आहे. हजारो वर्षं सगळ्या बहिणींनी तो पेटीत जपून ठेवला. सासू, सून, दीर, जाऊ हे आपणही जपले. हा एक मात्र आपल्या भाषेकडे नाही. आपण ‘आयरी’ म्हणतो, तो वेगळ्याच मुळाचा, आणि त्या मुळावरून पंडित अजून भांडतात. आपल्या पूर्वजांनी तो शब्द वाटेत कुठे टाकला, का टाकला, कोणाला ठाऊक नाही. मी त्यावरून काही सिद्ध करत नाही. शब्दांवरून माणसांचं काही सिद्ध होत नसतं. पण तो पेटीत नाही हे कळलं त्या दिवशी मला बरं वाटलं, एवढंच.

मी बावीस वर्षांची तुमच्या घरात आले तेव्हा मला आई नव्हती. नाझेलीच्या वेळी तुम्ही मला तेवीस तास धरून बसला होतात आणि शिव्या देत होतात. ते काही साहाकच्या मार्फत झालं नव्हतं. ते तुमचं-माझं होतं. ते मी सोडणार नाही. तुम्ही चार ओळींचं पत्र लिहा नाहीतर दोन ओळींचं.

अर्पेनिक


येरेवान, १९ मे १९७४

आदरणीय सिरवार्दबाई,

मी एरवांद. तवावाला. हे पत्र अर्पेनिकला न विचारता लिहितोय, म्हणजे पकडलो गेलो तर आपण दोघं एका बाजूला.

महिना झाला, तुमचं पत्र नाही. अर्पेनिक रोज टपालाची पेटी उघडते, बंद करते आणि मला सांगते की घाटात बर्फ असेल. मे महिन्यात. मी विज्ञान शिकवतो, तरी मान डोलावतो.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. आईवडील मला आठवत नाहीत, लेनिनाकानच्या अनाथालयात वाढलो. अर्पेनिक म्हणते, आपला ‘वोर्ब’ म्हणजे अनाथ, आणि जर्मन भाषेत त्याच मुळातून आलेल्या शब्दाचा अर्थ होतो वारसा. मी तिला म्हटलं, शब्द वाटले तेव्हा मी चुकीच्या रांगेत उभा होतो.

मी साहाकची जागा मागत नाही. ती मला मापाला बसणार नाही. फोटोत तो माझ्याहून चांगला वीतभर उंच दिसतो. माझी मागणी वेगळी आहे. अर्पेनिकने ‘हो’ म्हटलंय, पण तुमच्या ‘हो’शिवाय ती लग्नात नाचणार नाही, आणि न नाचणारी नवरी मला नको. तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या. मला सवय आहे, मी सातवीला शिकवतो.

आरामाइसभाऊंना सांगा, अंडी थंड झाली, पण राग नाही.

एरवांद सिमावोन्यान


गोरिस, ६ जून १९७४

अर्पेनिक जान,

तुझ्या त्या बडबड्याचं पत्र आलं. तुला न विचारता लिहिलंय म्हणतो. आता तुला कळलं. त्याच्याशी भांड. माणूस लग्नाआधी भांडणात कसा वागतो ते बघून घ्यावं.

मी एवढे दिवस का लिहिलं नाही ते सांगते. हे आरामाइसलाही ठाऊक नाही.

तुझे सासरे केर्चच्या लढाईतून परतले नाहीत तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. दोन पोरं पदरात. लढाई संपल्यावर सिसियानच्या औषधवाल्याकडून मागणी आली. चांगला माणूस होता, पोरांना खडीसाखर द्यायचा. मला तो आवडला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

माझ्या सासूने मला ‘नको’ म्हटलं नाही. एका शब्दाने बोलली नाही. फक्त रोज जेवायला बसताना माझ्या नवऱ्याची टोपी आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवायची. सकाळी टोपी, संध्याकाळी टोपी. त्या टोपीसमोर घास गिळेना. शेवटी मीच औषधवाल्याला सांगून टाकलं, माझा विचार नाही. दुसऱ्या दिवसापासून टोपी परत खुंटीवर. सासू मला ‘हार्स’ म्हणायला लागली, आणि मरेपर्यंत माझ्यावर माया केली. वाईट बाई नव्हती ती. तिच्याकडे मुलाचं तेवढंच उरलं होतं, टोपी आणि मी.

आता ऐक. एप्रिलमध्ये तुला ते चार ओळींचं पत्र टाकलं आणि घरी आले. मार्गुशने पानं वाढली होती. आरामाइस खुर्ची ओढून बसायला गेला आणि म्हणाला, ‘आई, हे काय?’ खुर्चीवर साहाकची टोपी. कोणी ठेवली? मी ठेवली होती, अर्पेनिक. केव्हा ठेवली ते मला आठवेना.

मी तशीच अंगणात जाऊन बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांची बाळं जगात आणली, कधी कोणाला उलटं आत ढकललं नाही, आणि तुझ्याबाबतीत तेच करायला निघाले होते. त्यानंतर दोन महिने स्वतःवरच रागावले होते. तो राग ओसरला तेव्हा लिहायला कागद घेतला.

तर आता माझं ऐकून घ्यायचं. लग्न सप्टेंबरात करा, द्राक्षं तयार होतील. मी येणार. वराकडची म्हणून नाही, पाहुणी म्हणून तर नाहीच. तुला आई नाही. नवरीच्या आईची जागा रिकामी ठेवून लोकांना दाखवायची नाही. तिथे मी बसेन. नवऱ्याच्या आईला आपण स्केसुर म्हणतो आणि बायकोच्या आईला झोकांच. हे मला कळायला पुस्तक लागत नाही. तुझी मी स्केसुर होते. त्या एरवांदची झोकांच होईन. जमत असेल तर हो म्हणायला सांग त्याला.

नाझेलीला आणशील तेव्हा स्वतःही चार दिवस राहा. तुती पिकली आहे.

सिरवार्द


येरेवान, १५ जून १९७४

आई,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग नाझेलीने माझ्या हातातून घेतलं आणि एरवांदला वाचून दाखवलं, टोपीचा भाग सोडून. तो मी बोटाने झाकला होता. तो तुमचा आहे.

एरवांद ‘हो’ म्हणाला नाही. उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, ‘झोकांचचे विनोद मला शंभर येतात. आता एकही सांगता येणार नाही.’

तुम्ही आता विचारा किंवा विचारू नका, मी सांगणारच. मी कचेरीत जाऊन ‘झोकांच’चं मूळ शोधलं. स्केसुरला सगळीकडे बहिणी आहेत. याला नक्की असं कोणी सापडत नाही. पंडितांचे तर्क आहेत, पण एकमत नाही. जवळपास एकटाच शब्द आहे, आपल्याच घरात राहिलेला. मी पुस्तकात तसंच लिहिलंय: ‘मूळ निश्चित नाही.’ संपादक म्हणाले, मुलांच्या पुस्तकात असं बरं दिसत नाही, काहीतरी ठोकून द्या. मी म्हटलं, नाही. माहीत नाही ते माहीत नाही.

आम्ही तिघं येतोय. भाऊजी घरात घेतील का?

अर्पेनिक


गोरिस, २९ सप्टेंबर १९७४

अर्पेनिक जान, एरवांद, नाझेली,

सुखरूप पोचलो. सबंध दिवस बसमध्ये गेला. आरामाइस अर्धा रस्ता झोपला होता आणि उरलेल्या रस्त्यात पाय चोळत होता. म्हणतो, आयुष्यात इतका नाचलो नव्हतो.

त्याचं मला खरंच वाटत नाही अजून. जूनमध्ये तुम्ही आलात तेव्हा त्याने एरवांदला नुसतं ‘बसा’ म्हटलं होतं आणि मी तेवढ्यावर देवाचे आभार मानले होते. आणि लग्नाच्या सकाळी बघते तर आपल्या रिवाजात नवरीचा भाऊ अडवतो तसा सुरा घेऊन दारात आडवा! कोणी सांगितलं नव्हतं. वराकडचे ताटं नाचवत जिन्यावर खोळंबलेत, आणि हा म्हणतोय, ‘माझी बहीण अशी फुकट मिळत नाही.’ एरवांदने विचारलं, ‘काय हवं?’ तर हा म्हणाला, ‘अंडी. परतलेली. आत्ता.’ सूट घातलेला नवरदेव शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेला आणि अंडी परतून घेऊन आला, तेव्हा मी डोळे पुसले. रडत नव्हते, कांदा जळला होता.

माझी एकच तक्रार. वराला आई नाही म्हणून उंबऱ्यावर तुमच्या खांद्यांवर लवाश मीच टाकला. बायकोची आई मी, नवऱ्याची आईही मीच. मग विहीण कुठून आणायची? गोरिसहून येताना मी चांगली सहा-सात टोचून बोलणी तयार करून आणली होती. ती कोणाला ऐकवू? तशीच परत घेऊन आले. नाझेलीच्या लग्नात वापरीन.

सिसियानला बस थांबली तेव्हा एक बाई शेजारी येऊन बसली. माझ्या अंगावर चांगला पोशाख, मांडीवर लग्नातल्या गोड गाताचा डबा. तिने विचारलं, ‘लग्नाहून का?’

‘हो.’

‘कोणाचं?’

‘मुलीचं.’

‘जावई कसा आहे?’

म्हटलं, ‘तोंड बंद ठेवत नाही. पण हाताला चव आहे.’

तिने एक गाता खाल्ला, दुसरा शालीखाली ठेवला. मग विचारलं, ‘मुलं किती तुम्हाला?’ साहाक गेल्यापासून मला हा प्रश्न कोणी विचारला की मी विषय बदलते. एकच म्हणवत नाही, आणि दोन म्हटलं की पुढचा प्रश्न येतो.

म्हटलं, ‘तीन. दोन मुलगे, एक मुलगी.’

ती म्हणाली, ‘नशीबवान आहात.’ आरामाइसने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून पुन्हा झोपला.

सिरवार्द